दोन साडू आणि एक हलणारी फरशी

माझी आत्या एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. खिडकी नसलेल्या एका खोलीत, कानाला हेडफोन लावून तिची सगळी नोकरी गेली. बाहेरून चिडलेला माणूस फोन करायचा, आत वैतागलेला डॉक्टर असायचा, आणि मध्ये आत्या. "त्या डॉक्टरला म्हणावं, पेशंट गेल्यावर येणार आहेस का," असं बाहेरचा ओरडला की आत्या आत सांगायची, "डॉक्टर, नातेवाईक जरा काळजीत आहेत, एकदा येऊन गेलात तर बरं होईल." डॉक्टर म्हणाला, "त्यांना सांगा, मला दोनच हात आहेत," तर ती बाहेर सांगायची, "डॉक्टर निघालेत." यात खोटं काही आहे असं तिला कधीच वाटलं नाही. तिचं म्हणणं असं, की माणसाला जे म्हणायचं असतं ते रागाच्या भरात नीट म्हणता येत नाही. ती ते नीट म्हणून द्यायची, एवढंच.

आत्या निवृत्त झाली आणि आयुष्यात पहिल्यांदाच दिवसभर घरी राहू लागली. घर जुनं, बैठं, मागे छोटंसं अंगण. बरीच वर्षं तिथे भाड्याने राहून शेवटी तिने आणि काकांनी ते विकतच घेतलं होतं. काका म्हणजे आत्याचे यजमान. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायचे. अंगाने उंच, बोलायला कमी, आणि अचूकपणाच्या बाबतीत अगदी कडक. त्यांना वेळ विचारली तर "पावणेपाच होत आले" असं ते कधी म्हणायचे नाहीत. घड्याळात जे असेल ते सांगायचे.

दिवसभर घरी राहिल्यावर आत्याला कळलं, की स्वयंपाकघरात ओट्यासमोरची एक फरशी हलते. पाय पडला की डुगडुगते. इतकी वर्षं ती सकाळी घाईत तिच्यावरून निघून जायची आणि रात्री दमून परत यायची. आता पोळी लाटताना, चहा गाळताना, भांडी लावताना ती पायाखाली हलायची. आठवडाभर आत्याने सोसलं आणि मग गवंड्याला बोलावलं.

गवंडी भरदार अंगाचा आणि बोलका माणूस होता. प्रत्येक वाक्याच्या आधी "बाई, स्पष्ट सांगतो" म्हणायची त्याला सवय होती. आत्या म्हणाली, "एवढी एक फरशी बसवून द्या. दुपारपर्यंत होईल ना?"

"आरामात," गवंडी म्हणाला. त्याने छिन्नी घालून फरशी उचलली. खाली चुरा, आणि चुऱ्याखाली दुसरी फरशी, जुन्या पद्धतीची, ठिपक्याठिपक्यांची. त्याने ती ठोकून पाहिली.

"बाई, स्पष्ट सांगतो. तुमची फरशी हलत नाहीये. तुमच्या फरशीखालची फरशी हलतेय."

"मग तिला घट्ट करा."

त्याने ती उचलली. तिच्याखाली लाल सिमेंटची जमीन निघाली, भेगा पडलेली. घराच्या आधीच्या प्रत्येक मालकाने जुनं काही न काढता त्याच्यावर नवं टाकलं होतं. गवंडी म्हणाला, "प्रत्येकाने आधीच्याचं पाप झाकलंय. तुम्ही झाकायचं म्हणत असाल तर मी झाकतो. पण वर्षभरात परत हलेल."

आत्याने कमरेवर हात ठेवले आणि ते वाक्य म्हणाली, जे तिने पुढे अनेकदा परत घ्यायचा प्रयत्न केला. "मग तळ लागेपर्यंत काढा."

तिच्या मनात काय होतं ते तिने मला नंतर सांगितलं. मासिकांमध्ये जुन्या घरांचे फोटो येतात, त्यात तळाशी सुंदर वेलबुट्टीच्या फरश्या सापडतात, घरमालक हसत उभे असतात. तिलाही तसंच काहीतरी सापडेल अशी आशा होती. एकट्या स्वयंपाकघराची जमीन खाली जाऊन चालणार नव्हतं, म्हणून गवंड्याने सगळ्या घराची जमीन काढली. शेगडी झोपायच्या खोलीत गेली, फ्रिज न्हाणीघराच्या दारात जाऊन उभा राहिला, आणि आंघोळीला जाणाऱ्या माणसाला आधी फ्रिज सरकवावा लागू लागला. तळाशी निघाली माती. आणि मातीत एक गंजलेला चमचा.

काकांनी चमचा घासून धुतला आणि चमच्यांच्या डब्यात ठेवला. "घराबरोबर आलाय," ते म्हणाले, "आपलाच म्हणायचा."

मातीवर दगडगोटे भरून, ठोकून, गवंड्याने नव्या फरशीसाठी जमीन तयार केली, तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की घर खोल गेलंय. भिंती तिथेच, छत तिथेच, आणि माणसं खाली. बाहेरून आत येताना पाय हवेत जायचा. पोस्टमन पहिल्याच दिवशी दारातून थेट सोफ्यावर येऊन बसला. दिव्यांची बटणं सगळी वर गेली. दारं अधांतरी लटकली, आणि शेजारचं मांजर मान खाली न घालता त्यांच्याखालून ये-जा करू लागलं.

यात एका माणसाचं भलं झालं. स्वयंपाकघराच्या चौकटीला काकांचं डोकं इतकी वर्षं आपटायचं, की ते आता दार आलं की आपोआप वाकायचे. कुठल्याही दारात वाकायचे, बँकेच्या सुद्धा. लोकांना वाटायचं, किती नम्र माणूस. आता ते चौकटीत ताठ उभे राहिले. डोक्यावर हात ठेवून त्यांनी तो वर नेला, चौकटीला टेकवला, परत खाली आणला.

"मी उंच नव्हतोच," ते शांतपणे म्हणाले. "घर बुटकं होतं."

आत्याचं मात्र उलट झालं. ती मुळात ठेंगणी. ओटा जिथल्या तिथे राहिला आणि ती खाली गेली. भाजी चिरायला घेतली की ती हनुवटीखाली यायची. पातेल्यात काय चाललंय ते बघायला टाचा उंचवाव्या लागायच्या, आणि भात उतू गेला हे तिला बघून नाही, आवाजावरून कळायचं.

दारं लांब करायची म्हणजे सुतार हवा. आत्याने चौकशी केली. सगळे सुतार कामात अडकलेले, एकच मोकळा होता आणि त्याच्या हाताची सगळे तारीफ करत होते. तो उद्या येतोय असं तिने गवंड्याला सांगितलं. गवंड्याची थापी हवेतच थांबली.

"कोण? कानावर पेन्सिल असते तो?"

"हो. का?"

"तो माझा साडू आहे." गवंडी पुन्हा सिमेंट कालवायला लागला. "बाई, स्पष्ट सांगतो. तो येऊ दे, मी काम सोडणार नाही. पण त्याच्याशी बोलणार नाही."

भांडण जुनं होतं. सासऱ्याच्या घराला खोली वाढवली तेव्हा भिंत गवंड्याने बांधली आणि दार सुताराने बसवलं. दार लागेना. गवंडी म्हणाला चौकट वाकडी आहे, सुतार म्हणाला भिंत वाकडी आहे. सासरा बिचारा शेवटपर्यंत ते दार खांद्याने ढकलून लावायचा. तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यांच्या बायका सख्ख्या बहिणी, त्या बाजारात भाजी घ्यायच्या निमित्ताने भेटायच्या आणि दोघींचं सुखदुःख तिथेच पिशव्या खाली ठेवून उरकायचं.

सुतार आला. सडपातळ, कोरड्या चेहऱ्याचा, आणि निम्म्या गोष्टींना नुसतं "हं" म्हणणारा. गवंड्याचं पाठमोरं अंग बघून त्याने आत्याला विचारलं, "तो आहे का?"

"आहेत."

"हं," म्हणून त्याने आपलं सामान मागच्या अंगणात नेलं. तिथे तो रंधा मारायचा, आत गवंडी ठोकाठोक करायचा. मध्ये दोन खोल्या आणि आत्या.

पण दार आणि जमीन यांचं जमवायचं तर विचारपूस हवीच. दुसऱ्याच दिवशी गवंडी म्हणाला, "बाई, त्या लाकूडतोड्याला विचारा, दारं लांब करणार आहे की सगळं घरच आखूड?"

आत्या अंगणात गेली. बोलायला तोंड उघडेपर्यंत तिचा आवाज आपसूक नोकरीतला झाला. "ते विचारतायत, दाराखाली फट किती ठेवायची. तुमच्या अंदाजाने चालतील म्हणाले."

रंधा थांबला. "असं म्हणाला?"

"साधारण."

"हं." सुताराने फळीच्या कडेवरून बोट फिरवलं. "त्याला म्हणावं, आधी जमीन सपाट करायला शिक. मग सांगतो फट."

आत्या परत आत आली. "तुम्ही जी लेव्हल धराल ती त्यांना मान्य आहे. तुमच्या हाताची लेव्हल ओळखतो म्हणाले."

गवंडी "बाई, स्पष्ट सांगतो" म्हणायचं विसरला. हे त्याच्या बाबतीत सहसा घडायचं नाही. "असं म्हणाला?"

"साधारण."

त्या दुपारी त्याने आधी लावलेल्या दोन फरश्या न सांगता उखडल्या आणि पुन्हा नीट लावल्या.

मग हे रोजचंच झालं. इकडून शिवी निघायची, तिकडे शाबासकी पोचायची. दोघांचं काम सुधारत गेलं, कारण समोरच्याला आपली किंमत कळलीय आणि आता त्याच्यासमोर हसं व्हायला नको, असं दोघांनाही वाटू लागलं. एके दिवशी सुताराने आपली चांगली, पितळी कडांची, सपाटी बघायची लेव्हल आत पाठवली. "त्याच्याकडे जुनी असेल," एवढंच म्हणाला. गवंड्याने चहाबरोबरच्या बिस्किटांतली अर्धी काढून ठेवली आणि म्हणाला, "तिकडे न्या. उरलीत." उरलेली नव्हती.

आत्या मला फोनवर सांगायची, "बघ तू. घर व्हायच्या आत या दोघांना बोलतं करते की नाही." आवाजात नोकरीतला जुना तजेला परत आला होता. घरभर सिमेंट, न्हाणीघरापुढे फ्रिज, आणि ही बाई खुशीत.

मग तिची दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरकडे जावं लागणार, त्याच दिवशी दोघांनाही स्वयंपाकघराच्या चौकटीचं काम होतं. काकांना सुट्टी होती. निघताना आत्या म्हणाली, "काही निरोप असला तर इकडचा तिकडे सांगा."

"जसाच्या तसा?" काकांनी विचारलं.

आत्या गाल धरून चपला घालत होती. "हो. नाहीतर आणखी कसा?"

थोड्या वेळाने गवंड्याने हाक मारली. "साहेब, त्याला सांगा, ही चौकट म्हाताऱ्याच्या दातासारखी हलतेय. बसवलीय की नुसती टेकवलीय?"

काका अंगणात गेले. "ते म्हणतात, ही चौकट म्हाताऱ्याच्या दातासारखी हलतेय. बसवलीय की नुसती टेकवलीय, असा प्रश्न आहे."

सुताराने रंधा खाली ठेवला. "असं म्हणाला?"

"हेच शब्द," काका म्हणाले.

सुतार त्या दिवशी "हं"वर थांबला नाही. त्याने सासऱ्याच्या भिंतीपासून सुरुवात केली, त्या भिंतीचं पोट कसं सुटलं होतं आणि ते नेमकं कुणाच्या पोटासारखं होतं हे सांगितलं, आणि शेवटी गवंड्याच्या थापीबद्दल एक उपमा दिली जी मी इथे देत नाही. काकांनी लक्ष देऊन ऐकलं. "भिंतीनंतरचा शब्द निसटला," ते म्हणाले. "परत सांगता का?" सुताराने परत सांगितला. काकांनी तो आत नेऊन पोचवला, एक अक्षर न गाळता.

दोनतीन फेऱ्यांनंतर काका अंगणात आले तर सुतार तिथे नव्हता. तो दुसऱ्या बाजूने घरात शिरला होता. स्वयंपाकघराच्या चौकटीत दोघे साडू कित्येक वर्षांनी समोरासमोर उभे होते.

"त्या दिवशी म्हणालास ना, माझ्या हाताची लेव्हल ओळखतोस म्हणून?" गवंडी म्हणाला.

"मी? मी कशाला म्हणेन? तूच म्हणालास, माझ्या अंदाजाने चालशील म्हणून."

"मी तुला लाकूडतोड्या म्हणालो होतो."

"कधी?"

"रोज."

 मग दोघांनी एकदमच काकांकडे पाहिलं.

"मी आजच सुरुवात केलीय," काका म्हणाले.

आत्या परतली तेव्हा अर्धा गाल बधिर होता. दारात पायरी नाही हे विसरून ती आत आली, तोल सावरला आणि बघते तर दोघे सिमेंटच्या पोत्यांवर शेजारी शेजारी बसून तिच्या चांगल्या कपांतून चहा पीत होते. आधी तिला आनंद झाला. मग तिने त्यांचे चेहरे पाहिले.

"बाई, स्पष्ट सांगतो," गवंडी म्हणाला. "आम्हाला दोघांना तुम्ही फसवलंत."

"दोघांनाही," सुतार म्हणाला.

आत्याला बरंच काही सांगायचं होतं. पण ओठच जागेवर नव्हते. "मी" म्हणायला गेली तर "ई" आलं, आणि पुढचं सगळं गालातच राहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं नीट करून दिलेल्या बाईला नेमकं त्या दिवशी स्वतःचं एक वाक्य पुरं करता आलं नाही. शेवटी तिने हात हलवला आणि आत जाऊन पलंगावर, शेगडीच्या शेजारी बसली.

संध्याकाळी तोंड ताळ्यावर आल्यावर ती काकांना म्हणाली, "इतकी वर्षं मी हेच केलं. कुणी कधी तक्रार केली नाही."

काका चष्मा पुसत होते. "डॉक्टर आणि नातेवाईक नंतर एकमेकांशी बोलायला बसत नसत," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "माझेही निरोप तू बदलतेस?"

आत्या पलंगावरची चादर सारखी करू लागली. "तुमच्या बहिणीकडचे. तुम्ही सांगता, येणार नाही, कंटाळा येतो तिच्याकडे. मी सांगते, तुमचं पोट बरं नाही."

"म्हणून ती भेटली की पोटाची चौकशी करते," काका म्हणाले. "मला वाटायचं मी बारीक दिसतोय."

त्यांना राग आला नव्हता, पण आत्याला वाईट वाटलं. ती मला म्हणाली, की फोनच्या दोन्ही टोकांना माणसं असतात हे तिला ठाऊक होतं, पण ती टोकं एखाद्या दिवशी एकाच पोत्यावर येऊन बसतील असं कधी डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने दोघांची माफी मागितली, सरळ, साध्या शब्दांत. सुतार "हं" म्हणाला. गवंड्याने मान डोलावली. वाटलं, विषय मिटला.

विषय मिटला नव्हता. आता ते दोघं एक झाले होते. इतके दिवस आत्या एकाला विचारायची, मग दुसऱ्याला, आणि शेवटी तिला हवं तेच व्हायचं. आता काहीही विचारलं की दोघं एकमेकांकडे बघायचे आणि गवंडी म्हणायचा, "आमचं दोघांचं असं मत आहे." तिला निळसर फरशी हवी होती. "आमचं दोघांचं मत आहे, निळी लवकर मळकी दिसते." तिला न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं हवं होतं. दोघांचं मत आत उघडणाऱ्या दाराला पडलं. काकांकडे दाद मागावी तर ते म्हणायचे, त्यांचं म्हणणं मोजमापाला धरून आहे.

सगळ्यात मोठा वाद ओट्यावरून झाला. आत्याचं म्हणणं, तो फोडून खाली घ्यायचा. दोघांनी ओट्याभोवती फिरून तो ठोकून पाहिला. जुना दगड, एकसंध, तडा नाही. असला दगड फोडणार नाही, दोघांचंही मत. त्याऐवजी सुताराने ओट्याच्या लांबीची एक जाड फळी घेतली, गवंड्याने तिच्याखाली दोन्ही टोकांना आणि मध्ये विटांचे ठोकळे बांधले, आणि ओट्यासमोर एक लांबलचक पायरी तयार झाली.

आत्या तिच्यावर चढून उभी राहिली. ओटा बरोबर कमरेला आला. "म्हणजे एवढी जमीन खाली नेली," ती म्हणाली, "आणि आता परत वर आणली."

"फक्त तुमच्यापुरती," सुतार म्हणाला. सगळ्या कामात त्याचं ते सर्वांत लांब वाक्य होतं.

घर झालं. जमीन गार आणि सपाट, दारं एका बोटाने लागणारी. स्वयंपाकघराचं दार तर इतकं अलगद लागायचं, की गवंडी आणि सुतार शेवटच्या दिवशी ते आळीपाळीने लावून उघडून बघत बसले होते. काकांनी मात्र सवयीने पुढे कितीतरी महिने त्या दारात वाकायचं सोडलं नाही. इस्पितळातली एक जुनी मैत्रीण आपलं स्वयंपाकघर करायला काढणार होती, तिने आत्याला फोन करून विचारलं, काय काळजी घेऊ. आत्या म्हणाली, "जेवायचं कुठे ते आधी ठरव. आणि तळाशी काही सुंदर सापडेल म्हणून खणू नकोस. बाकी तुझं नशीब आणि त्यांचं मत."

घर झाल्यावर पंधरवड्याने एका सकाळी दारात दोन बायका आल्या. दोघींच्या हातात पातेली. थोरली म्हणाली, "आम्ही बहिणी. तो गवंडी माझा, सुतार हिचा."

आत्याला वाटलं, समेट घडवला म्हणून आभार मानायला आल्यात. तिने पदर सारखा केला. "या ना, बसा."

"बसायला वेळ नाही," धाकटी म्हणाली. "तुम्ही त्या दोघांना एकत्र आणलंत. इतकी वर्षं भांडत होते तेव्हा आमच्या घराला कुणी हात लावत नव्हतं. आता रोज संध्याकाळी एकत्र बसतात. कालपासून दोघांनी मिळून दोन्हीकडची स्वयंपाकघरं फोडलीत. दोघांचं मत आहे म्हणे, की आमचे ओटे चुकीच्या भिंतीला होते."

"शेगडी गच्चीवर आहे," थोरली म्हणाली. "आणि आज वारा सुटलाय. निदान भात तरी लावू द्या इथे."

आत्याने दोघींना आत घेतलं. तिघी त्या लांब फळीवर ओळीने उभ्या राहिल्या. भात झाला, मग भाजी झाली, मग चहा. आपापल्या नवऱ्यांच्या किती तऱ्हा असतात ते तिघींनी एकमेकींना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या, तिसऱ्या दिवशीही. दुपारी गवंडी आणि सुतार जेवायला यायचे, ताट वाढून घ्यायचे आणि भिंतींकडे बघत बघत जेवायचे. आत्याने त्यांना बजावून ठेवलं होतं, की इथे कशालाही ठोकून बघायचं नाही.

बहिणींची स्वयंपाकघरं व्हायला खूप दिवस लागले. ज्या दिवशी झाली त्या दिवशी दोघींनी पातेली उचलली, घरं बघायला यायचं आमंत्रण दिलं आणि गेल्या. आत्याने मला सांगितलं, की दुसऱ्या दिवशी तिला घर फार मोठं वाटलं. काका दुकानात गेल्यावर एकटीपुरता चहा ठेवताना ती फळीच्या एका टोकालाच उभी राहिली, जागा अडवायला कुणी नसताना.

त्याच आठवड्यात धाकटी बहीण आली. हातात तेच पातेलं, धुतलेले तांदूळ घातलेलं.

"परत फोडलं काय?" आत्याने विचारलं.

"नाही. नवा ओटा छान झालाय. पण तिथे एकटीच उभी असते मी," ती म्हणाली. "ताईपण येतेय मागून. भाजी घेऊन."

आत्याने शेगडीवरचा चहा एका बाजूला सरकवला आणि तिला पातेलं ठेवायला जागा करून दिली.